‘मरगळ’ लिहिताना या चुका टाळा

बोलताना ‘मरगळ’ हा शब्द कुणाचा चुकत नाही. बातमी, अहवाल किंवा निबंध लिहायला बसलं की मात्र तो भलत्या जागी जातो. मरगळ म्हणजे जीव आहे, पण उमेद ओसरली आहे. तापातून उठलेल्या माणसाच्या अंगात ती असते. दुपारच्या उन्हात वांग्याची रोपं मरगळतात आणि संध्याकाळी पाणी मिळालं की सावरतात. सावरण्याची ही शक्यता शब्दात गृहीत आहे.

म्हणूनच जे पूर्ण थांबलं आहे, त्याला मरगळ म्हणू नका. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूरजवळच्या शिरोलीला पुणे-बेंगळुरू महामार्गावर पाणी आलं, तेव्हा वाहतूक ठप्प झाली. ‘वाहतुकीला मरगळ आली’ असं लिहिलं तर महापूर किरकोळ वाटतो.

सर्वांत जास्त घोळ बाजाराच्या बातम्यांत होतो. पितृपंधरवड्यात कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, सोन्याला गिऱ्हाईक कमी असतं. लगेच मथळा येतो, ‘सराफ बाजारात मंदी’. हे चूक आहे. घटस्थापनेपासून लोक पुन्हा खरेदीला निघतात, हे पेढीवरच्या प्रत्येकाला माहीत असतं. इथे ‘मरगळ’ चपखल बसते. मंदी ही अर्थव्यवस्थेची अवस्था आहे. लागोपाठ दोन तिमाही उत्पादन घटलं तर ढोबळमानाने ती आली असं मानतात. फौंड्रीवाल्यांच्या, म्हणजे धातूचं ओतकाम करणाऱ्या कारखानदारांच्या, ऑर्डरी वर्षभर घटत राहिल्या, तर तिथे ‘मंदी’ लिहा. व्यापारी स्वतः हा फरक नेमका पाळतात. ‘बाजार थंड आहे’ म्हणणारा दुकान उघडून वाट बघत असतो. ‘धंदा बसला’ म्हणणारा दुकान विकायच्या विचारात असतो. अशा माणसाचं बोलणं उतरवून घेताना ‘थंड’च्या जागी ‘बसला’ घालू नये, त्याची बाजारातली पत जाते.

मरगळ आणि आळस यांतही गल्लत नको. आळशी म्हटलं की दोष आला. परीक्षेनंतर मुलं चार दिवस मरगळलेली दिसली, तर त्यांना आळशी ठरवणं अन्याय आहे. गावात कुणी गेलं, तर पसरते ती शोककळा.

पाण्याला मरगळ येत नाही, ते साचतं. रंकाळा तलावात जलपर्णी वाढली की पाणी साचल्याचं लिहितो, तसंच एखाद्या संस्थेत वर्षानुवर्षं नवं काही घडलं नाही की ‘साचलेपण’ लिहावं. एका उत्सवाने मरगळ जाईल, साचलेपण जाणार नाही.

क्रियापदंही ठरलेली आहेत. मरगळ येते, पसरते, जाते आणि झटकली जाते. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉल सामन्याच्या पहिल्या हाफमध्ये ढेपाळलेला पेठेचा संघ दुसऱ्या हाफमध्ये मरगळ झटकून खेळतो. ‘मरगळ संपुष्टात आली’ हे कार्यालयीन वळण टाळा. ‘मरगळपणा’ही नको, मरगळ हेच भाववाचक नाम आहे. ‘शैथिल्यता’ची गत तीच, ‘शैथिल्य’ पुरेसं आहे. ‘निष्क्रीय’ नव्हे, ‘निष्क्रिय’. आणि रस्त्यावरच्या पाट्यांवर कितीही वेळा ‘गतीरोधक’ दिसलं, तरी लिहिताना ‘गतिरोधक’च लिहा.