द्रव हाताळणाऱ्या रोबोवर प्रथिनांचे पचन: नाशिकच्या हवेत ९६ नमुन्यांची प्लेट चालवताना

ऑक्टोबरची गोडी छाटणी उरकून नव्या फुटीवर केवडा हा रोग दिसू लागला, की निफाड आणि दिंडोरीकडच्या बागांतून द्राक्षाची पाने आमच्या प्रयोगशाळेत येऊ लागतात. रोगट आणि निरोगी पानांतील प्रथिनांची तुलना मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या उपकरणावर, करायची असेल, तर आधी ट्रिप्सिन या विकराने त्या प्रथिनांचे लहान पेप्टाइडांत तुकडे करावे लागतात. लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांच्या पुढे ट्रिप्सिन प्रथिनाची साखळी तोडते. मात्र त्यांच्या लगेच पुढे प्रोलिन असेल, तर सहसा तोडत नाही. अशा ९६ नमुन्यांत हाताने द्रव घालताना पहिल्या आणि शेवटच्या नमुन्याला मिळणाऱ्या वेळेत बराच फरक पडतो, आणि तोच फरक पुढे रोगाचा परिणाम म्हणून वाचला जाण्याचा धोका असतो. हे काम रोबोकडे देण्याचे मुख्य कारण हेच आहे.

द्राक्षाच्या पानांत फिनॉलवर्गीय द्रव्ये भरपूर असल्यामुळे ती ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक आम्ल व अ‍ॅसिटोनच्या धुण्यांनी आधीच काढून टाकावीत. त्यानंतर प्रथिन ८ मोलर युरिया आणि १०० मिलिमोलर अमोनियम बायकार्बोनेट असलेल्या बफरमध्ये विरघळवावे. प्रथिनाचे मापन डीटीटी (प्रथिनांतील गंधकाचे बंध तोडणारे रसायन) घालण्यापूर्वीच करावे, कारण डीटीटीमुळे बीसीए या प्रथिन मोजण्याच्या चाचणीचे आकडे बिघडतात. मापनानंतर प्लेटच्या प्रत्येक वेलमध्ये, म्हणजे खळग्यात, ५० मायक्रोलिटरमध्ये ५० मायक्रोग्रॅम प्रथिन येईल असे नमुने सारखे करून घ्यावेत. प्लेट १ मिलिलिटर किंवा त्याहून अधिक मावेल अशी खोल वेलची निवडावी. त्याचे कारण पुढे येईल.

खऱ्या नमुन्यांपूर्वी एक संपूर्ण फेरी रंगीत पाण्यावर चालवावी, ही पायरी कोणीही गाळू नये असे मला मनापासून वाटते. रिकामी प्लेट झाकणासह तोलून घ्यावी, प्रत्येक वेलमध्ये ५ मायक्रोलिटर रंगीत पाणी टाकायला लावावे, आणि झाकण ठेवून पुन्हा तोलावी. ९६ वेलचे मिळून सुमारे ४८० मिलिग्रॅम भरले पाहिजेत. एकूण वजन बरोबर आले तरी एका वेलमध्ये जास्त आणि दुसऱ्यात कमी पडलेले असू शकते, म्हणून प्रत्येक वेलमध्ये सारखे पाणी घालून प्लेट रीडरवर रंगाची तीव्रताही पाहावी. त्यानंतर हीच चाचणी युरियाच्या बफरवर करावी, मात्र वजन मोजताना हा बफर पाण्यापेक्षा जड असतो हे लक्षात ठेवावे. तो पाण्यापेक्षा दाटही असल्यामुळे ओढण्याचा आणि सोडण्याचा वेग साधारण निम्म्यावर आणावा, ओढल्यानंतर टिप एक-दोन सेकंद द्रवातच थांबवावी आणि सोडल्यानंतर वेलच्या भिंतीला हलकेच टेकवावी. १ किंवा २ मायक्रोलिटर टाकायला रोबोला सांगूच नये. द्रावणांची तीव्रता अशी ठरवावी, की कोणतीही भर ५ मायक्रोलिटरच्या खाली येणार नाही.

नाशिकचे ऋतू येथे थेट आड येतात. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा एक आकडी होतो, तेव्हा सकाळी थंड पडलेल्या खोलीत ८ मोलर युरियाचे स्फटिक बाटलीच्या तळाशी दिसू शकतात. टिपच्या तोंडाशी स्फटिक अडकला, तर दाब मोजण्याची सोय नसलेला रोबो हवा ओढूनही पायरी पूर्ण झाल्याची नोंद करतो. म्हणून हिवाळ्यात बफर खोलीच्या तापमानाला आणून, पूर्ण विरघळल्याची खात्री करूनच रोबोच्या डेकवर (कामाच्या फलाटावर) ठेवावा. तो ३७ अंशांच्या वर मात्र कधीही तापवू नये, कारण युरियापासून तयार होणारे सायनेट प्रथिनांना चिकटते आणि पेप्टाइडांचे वस्तुमान सुमारे ४३ डाल्टनने वाढवते. याच कारणासाठी बफर त्याच दिवशी ताजा करावा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत अडचण बाष्पीभवनाची असते, आणि ती कडेच्या वेलमध्ये सर्वांत आधी दिसते.

पहिली भर ५५ मिलिमोलर डीटीटीची, प्रत्येकी ५ मायक्रोलिटर. त्यामुळे वेलमधील तीव्रता ५ मिलिमोलर होते. प्लेट ३७ अंशांवर ४५ मिनिटे ठेवून खोलीच्या तापमानाला आणावी. मग मोकळी झालेली गंधकाची टोके झाकण्यासाठी १८० मिलिमोलर आयोडोअ‍ॅसिटामाइड प्रत्येकी ५ मायक्रोलिटर घालावे, म्हणजे १५ मिलिमोलर मिळते. ते प्रकाशात बिघडते, म्हणून ऐनवेळी तयार करावे, नळी अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळावी आणि भर पूर्ण होताच प्लेट ३० मिनिटे अंधारात ठेवावी.

आता प्रत्येक वेलमध्ये ६० मायक्रोलिटर आहे आणि युरिया सुमारे ६.७ मोलर आहे. इतक्या युरियात ट्रिप्सिन नीट काम करत नाही. अमोनियम बायकार्बोनेटचे ३६० मायक्रोलिटर घातल्यावर युरिया १ मोलरच्या खाली येतो. खोल वेलची गरज इथेच पडते. पिपेटची क्षमता ३०० मायक्रोलिटर असेल, तर १८० च्या दोन फेऱ्या लावाव्यात.

ट्रिप्सिनच्या पायरीवर सर्वांत अधिक लक्ष द्यावे. एक भाग विकराला पन्नास भाग प्रथिन या प्रमाणाने प्रत्येक वेलला १ मायक्रोग्रॅम लागते, म्हणजे ०.१ मायक्रोग्रॅम प्रति मायक्रोलिटर द्रावणाचे १० मायक्रोलिटर. हे द्रावण आम्लयुक्त, थंड ब्लॉकवर आणि भर घालण्याच्या अगदी आधी बनवलेले असावे. आठ तोंडांच्या पिपेटसाठी आठ नळ्यांच्या पट्टीत प्रत्येक नळीत १२ स्तंभांचे १२० आणि तळाशी उरणारे १५, असे १३५ मायक्रोलिटर भरावेत. एकदा ट्रिप्सिन टाकत असतानाच आमची वीज गेली. परत आल्यावर रोबोने पहिल्या स्तंभापासून पुन्हा सुरुवात केली आणि पहिल्या चार स्तंभांना दुप्पट विकर मिळाले. ती प्लेट टाकून द्यावी लागली. तेव्हापासून रोबो आणि तापमानाचा ब्लॉक दोन्ही यूपीएसवर आहेत, प्रत्येक स्तंभानंतर नोंद लिहिली जाते, आणि खंड पडल्यास माणसाने नोंद वाचून पुढचा स्तंभ सांगितल्याशिवाय काम सुरू होत नाही.

चिकट फिल्मने प्लेट घट्ट बंद करून ३७ अंशांवर सुमारे १६ तास ठेवावी, शक्य असल्यास वरच्या तापलेल्या झाकणाखाली. एखाद-दोन वेलमध्ये प्रथिनाविना बफर आणि चार वेलमध्ये तुलनेसाठी बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन हे गाईच्या रक्तातील प्रथिन ठेवावे. त्यांतले दोन कोपऱ्यांत आणि दोन मध्यभागी असले, म्हणजे कडेचा परिणाम वेगळा ओळखता येतो.

सकाळी फिल्म काढण्यापूर्वी प्लेट सेंट्रिफ्यूजमध्ये थोडी फिरवावी, नाहीतर फिल्मला लागलेले थेंब शेजारच्या वेलमध्ये पडतात. मग १० टक्के फॉर्मिक आम्लाचे ४८ मायक्रोलिटर घालून पचन थांबवावे. बायकार्बोनेटमधून वायू सुटून फेस वर येतो, म्हणून ही भर दोन हप्त्यांत, अगदी सावकाश आणि मिसळण्याची आज्ञा न देता घालावी. फेस बसल्यावर दर स्तंभातील एका वेलचा पीएच पट्टीवर तपासावा. तो ३ च्या खाली आला असेल तरच प्लेट सी-१८ या पेप्टाइडे धरून ठेवणाऱ्या पदार्थावरील क्षारमुक्तीसाठी पुढे न्यावी.