ब्रिटनच्या किनाऱ्यावर भाल्याने सी बास पकडताना : चाप ओढण्याआधीचे मोजमाप

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, विशेषतः कॉर्नवॉल, डेव्हन आणि डॉर्सेट या परगण्यांत, उन्हाळा सुरू झाला की वेटसूट घालून आणि स्पिअरगन, म्हणजे भाला सोडणारी बंदूक, घेऊन पाण्यात उतरणारे लोक दिसू लागतात, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या मनात एकच मासा असतो, तो म्हणजे सी बास. रायगडच्या खाड्यांतला जिताडा किंवा गोव्याचा चोणक यांनाही बाजारात सी बास म्हणतात. पण ते वेगळ्या कुळातले मासे आहेत. इथे ज्याच्याविषयी लिहीत आहे तो युरोपच्या किनाऱ्यावरचा, चंदेरी अंगाचा, करड्या पाठीचा आणि फेसाळ पाण्यात शिकार करणारा डायसेंट्रार्कस लॅब्रॅक्स. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या ज्या मराठी मंडळींना पोहण्याची आणि दम धरून बुडी मारण्याची सवय आहे, त्यांना ही मासेमारी शिकता येण्याजोगी आहे. मात्र तिची एक अट सुरुवातीलाच समजून घ्यावी लागते.

गळाला लहान मासा लागला तर तो हलक्या हाताने सोडवून पाण्यात परत सोडता येतो आणि तो बहुधा जगतो. भाल्याने विंधलेला मासा सोडण्याला काही अर्थ नसतो, कारण तो मेलेला असतो किंवा थोड्या वेळात मरतो. त्यामुळे गळवाला मासा पकडून मग मोजतो, तर भालेवाल्याने आधी मोजून मगच चाप ओढायचा असतो. ही मासेमारी शिकणे म्हणजे मुख्यतः पाण्याखालचा मासा नजरेने मोजायला शिकणे, असे माझे ठाम मत आहे. नेम साधणे त्यामानाने सोपे आहे.

४२ सेंटिमीटर कशासाठी

ब्रिटनमध्ये सी बासची किमान लांबी ४२ सेंटिमीटर आहे. ती मिटलेल्या तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या शेवटच्या टोकापर्यंत मोजतात. १ सप्टेंबर २०१५ पूर्वी हीच मर्यादा ३६ सेंटिमीटर होती. हा मासा थंड पाण्यात फार सावकाश वाढतो. ४२ सेंटिमीटरपर्यंत यायला त्याला सहा-सात वर्षे लागतात, आणि माद्या साधारण त्याच लांबीच्या आसपास पहिल्यांदा अंडी घालतात. म्हणजे जुन्या मर्यादेत नियमाने पकडलेली मादीसुद्धा बहुधा एकदाही न विता ताटात जात होती. त्यातच २००८ नंतरच्या काही वर्षांत पिल्लांची भर कमी पडली आणि विणीसाठी खोल समुद्रात जमलेल्या थव्यांवर दोन बोटींनी मिळून ओढलेली मोठी ट्रॉल जाळी चालतच राहिली. साठा इतका खालावला की युरोपीय संघाला जानेवारी २०१५ मध्ये या जाळ्यांवर विणीच्या हंगामापुरती तातडीची बंदी घालावी लागली, आणि लांबीची वाढीव मर्यादा त्याच वर्षी आली. बाजारात तळहाताएवढी पापलेटे पाहून हळहळणाऱ्या मराठी माणसाला या नियमाचा हेतू वेगळा सांगायला नको. महाराष्ट्र शासनानेही २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकारमान ठरवून दिले आहे.

लांबीखेरीज संख्येचेही बंधन आहे. हौशी मच्छीमाराला २०२४ आणि २०२५ या वर्षांत दिवसाला दोनच सी बास ठेवता येत होते, आणि १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात एकही नाही. त्या दोन महिन्यांत गळवाल्याला पकडून सोडून देण्याची मुभा होती. भालेवाल्यासाठी तो काळ सी बासपुरता पूर्ण बंद समजावा. हे आकडे वर्षागणिक बदलतात, म्हणून हंगामाच्या आरंभी सरकारी संकेतस्थळावरचा चालू नियम वाचल्याशिवाय बंदूक बाहेर काढू नये. शिवाय इंग्लंडचा किनारा दहा स्थानिक मत्स्य-प्राधिकरणांत विभागलेला आहे आणि त्या प्रत्येकाचे स्वतःचे उपनियम आहेत. ब्रिस्टल खाडीतल्या लंडी बेटाच्या पूर्वेला तर २००३ पासून असा पट्टा आहे, जिथून काहीच उचलता येत नाही. हौसेखातर पकडलेला सी बास विकणे बेकायदेशीर आहे, मग घेणारा शेजारचा हॉटेलवाला असला तरीही.

नदीमुखे आणि खाड्या टाळाव्यात. सी बासची पिल्ले पहिली काही वर्षे तिथेच वाढतात, आणि इंग्लंड-वेल्समधील अशा तीसहून अधिक जागा १९९० पासून पिल्लांसाठी राखीव आहेत. तिथली बंदी होडीतून होणाऱ्या मासेमारीवर असली, तरी किनाऱ्यावरून पोहत जाणाऱ्यानेही तिथे बंदूक नेऊ नये, असे मला वाटते, कारण तिथला बहुतेक मासा लहानच असणार. दुसरे कारण सॅमन आणि सी ट्राउट यांचे. हे मासे भाल्याने मारण्यास १९७५ च्या कायद्याने मनाई आहे, आणि ते नदीमुखाशीच घोटाळत असतात.

साहित्य आणि सोबत

साहित्याविषयी थोडक्यात सांगतो. तिथल्या गढूळसर पाण्यात तीन ते सहा मीटरपर्यंतच दिसते, त्यामुळे रबराच्या जोरावर चालणारी ७५ ते ९० सेंटिमीटरची बंदूक पुरते. लांब बंदूक खडकांच्या घळीत वळवता येत नाही. नैर्ऋत्येकडचे पाणी ऑगस्टमध्येही १६ ते १८ अंशांवरच असते, म्हणून किमान पाच मिलिमीटर जाडीचा वेटसूट, मोजे, हातमोजे, लांब फिन्स, लहान पोकळीचा मास्क, साधी श्वासनळी, सुरी, आणि झेंडा लावलेला बोया लागतो. कमरेचा शिशाचा पट्टा एका हाताने झटकन सुटणारा असावा, आणि श्वास सोडल्यावरही आपण तरंगत राहू इतकेच वजन त्यात असावे. पट्टीची एक खूण बंदुकीच्या दांड्यावर कायमची करून ठेवावी : टोकापासून ४२ सेंटिमीटरवर एक पांढरी चिकटपट्टी आणि ५० वर दुसरी. बंदूक पाण्यात शिरल्यावरच ताणायची आणि बाहेर येण्याआधी उतरवायची; पोहणाऱ्यांच्या आसपास ती ताणायचीच नाही.

एकट्याने जाऊ नये. दम धरून बुडी मारणारा माणूस बहुतेक वेळा खोलवर बुडून मरत नाही, तर वर येताना शेवटच्या काही मीटरांत शुद्ध हरपून मरतो. वर येता येता पाण्याचा दाब कमी होतो आणि रक्तातल्या उरल्यासुरल्या प्राणवायूचा दाबही त्याबरोबर एकदम घसरतो. बुडीआधी भराभर मोठे श्वास घेतल्याने प्राणवायू फारसा वाढत नाही. कमी होतो तो कर्बवायू, आणि त्यामुळे श्वास घेण्याची जी सूचना शरीर देते तीच उशिरा येते. म्हणून भराभर श्वास घेणे पूर्णपणे टाळावे, दोन बुड्यांमध्ये बुडीच्या निदान दुप्पट वेळ विसावा घ्यावा, आणि एक खाली असताना दुसऱ्याने वर थांबून त्याच्यावर नजर ठेवावी. तो वर आल्यानंतरही अर्धा मिनिट नजर हलवू नये. पाण्यात जाण्याआधी फ्रीडायव्हिंगचा, म्हणजे दम धरून बुडी मारण्याचा, एक रीतसर वर्ग करावा, हे मी आग्रहाने सांगेन.

पाण्याखाली मासा मोजणे

सपाट काचेच्या मास्कमधून पाहिलेली वस्तू प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे प्रत्यक्षापेक्षा सुमारे एक-तृतीयांश मोठी आणि पाव अंतराने जवळ भासते. याचा हिशेब मांडून पाहावा. ३२ सेंटिमीटरचा मासा अननुभवी डोळ्याला ४२ सेंटिमीटरचा दिसतो. म्हणजे नवख्या माणसाला ज्या माशाविषयी ‘हा बरोबर मापाचा आहे’ असे वाटते, तो तीन-चार वर्षांचे पोरच असण्याचा संभव फार मोठा असतो. पाणी गढूळ असले तर चूक आणखी वाढते, कारण धूसर दिसणारा मासा आहे त्याहून दूर वाटतो आणि दूरचा समजल्यामुळे आपण त्याला मनात मोठा करतो.

बंदुकीवरची खूण इथे कामाला येत नाही, कारण रोखलेली बंदूक आपल्याला मागच्या टोकाकडून दिसते, आडवी दिसत नाही. ती खूण नंतरच्या मोजणीसाठी आहे. आधीच्या मोजणीसाठी डोळाच तयार करावा लागतो, आणि त्याचा एक साधा उपाय आहे. करड्या प्लास्टिकच्या जाड पत्र्यातून ३६, ४२ आणि ५० सेंटिमीटरचे तीन माशांचे आकार कापावेत, पोटाकडची बाजू पांढरी रंगवावी, प्रत्येकाला शिशाचा तुकडा बांधावा आणि भरती-ओहोटीच्या मधल्या संथ वेळी एखाद्या शांत कोपऱ्यात तीन मीटर पाण्यात सोबत्याला ते मनाला येईल त्या क्रमाने उभे करायला सांगावे. आपण दोन मीटरांवरून, तीन मीटरांवरून, वरून आणि बाजूने पाहून लांबी सांगायची आणि मग खात्री करायची. सुरुवातीला ३६ चा आकार हटकून मोठा वाटतो. तिन्ही आकार न चुकता ओळखता येईपर्यंत भाला घरी ठेवावा, आणि काम झाल्यावर तुकडे मोजून परत आणावेत.

खऱ्या माशाच्या अंगावरही खुणा असतात. लहान सी बासचा डोळा डोक्याच्या मानाने मोठा दिसतो, कारण वाढताना डोळा शरीराइतका वाढत नाही. मोठ्या माशाचे डोके लांब, जबडा रुंद आणि डोळा त्यात लहान वाटतो. डोक्यामागे मान भरलेली आणि पाठ वरून पाहताना जाड असेल, तर मासा मोठा. सडपातळ, चपळ, एकसारख्या मापाचे डझनावारी मासे एकत्र आले, तर ते जवळजवळ नेहमीच मर्यादेखालचे असतात आणि त्यांतून ‘त्यातल्या त्यात मोठा’ निवडण्याच्या फंदात पडू नये. मोठा मासा बहुधा एकटा किंवा दोघा-तिघांत येतो. समोरून तोंड करून येणाऱ्या माशाची लांबी कोणालाच सांगता येत नाही. तो आडवा वळेपर्यंत चाप ओढायचा नाही. या सर्वांवर माझा एक सोपा नियम आहे : जो मासा निःसंशय ५० सेंटिमीटरचा दिसेल तोच मारायचा. हातात येणारा मासा मग अंदाजापेक्षा थोडा लहान निघाला तरी कायद्यात बसतो. मासा मापात बसतो की नाही अशी शंका आली, तर चाप ओढायचा नाही हे उत्तर तिथेच मिळाले असे समजावे.

जात ओळखणेही याच क्षणाचे काम आहे. बोय माशाच्या कुळातला ग्रे मलेट पाण्यात सी बाससारखाच करडा-चंदेरी दिसतो, पण त्याचे तोंड लहान, ओठ जाड, आणि पाठीवरचे दोन पर एकमेकांपासून बरेच लांब असतात. सी बासचे ते जवळजवळ असतात आणि पुढच्यावर आठ-नऊ काटे ताठ उभे राहतात. शेपटीच्या अलीकडे पाठीवर छोटा मांसल पर दिसला, तर तो सॅमन किंवा सी ट्राउट. बंदूक खाली घ्यावी.

जागा, वेळ आणि नेम

सी बास शोधायला खोल जाण्याची गरज नाही. दोन ते पाच मीटर पाण्यात, जिथे लाट खडकावर फुटून फेस होतो, जिथे केल्प या मोठ्या समुद्री शेवाळाच्या रानातून वाळूची घळ निघते, जिथे भूशिराला वळसा घालून प्रवाह वेगाने वाहतो, तिथे तो चढत्या भरतीबरोबर खेकडे आणि वाळूतले बारीक मासे खायला येतो. मे ते ऑक्टोबर हा चांगला काळ, आणि दिवसातली पहाट व संध्याकाळ. भरतीचे वेळापत्रक मात्र कोकणातल्या अंदाजाने वाचू नये. ब्रिस्टल खाडीच्या आतल्या भागात उधाणाच्या दिवशी पाणी चौदा मीटरपर्यंत चढते-उतरते, आणि डॉर्सेटमधल्या पोर्टलँडच्या टोकाजवळचा प्रवाह चांगल्या पोहणाऱ्यालाही ओढून नेतो. नवख्याने भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असलेले, दिवस आणि आडोशाचा किनारा निवडावा.

माशाच्या मागे पोहून तो कधीच मिळत नाही. खडकाच्या आडोशाला बुडी मारून तळाशी स्थिर पडून राहावे, केल्पचा देठ हाताने धरावा, आणि वाट पाहावी. सी बास जिज्ञासू मासा आहे. वाळूत बोटाने उडवलेला छोटा धुरळा पाहून तो चौकशीला येतो. त्याच्याकडे रोखून पाहू नये, नजर किंचित बाजूला ठेवावी. तो आडवा झाला, माप पटले, मागे सोबती नाही याची खात्री झाली, आणि अंतर भाल्याच्या टोकापासून दीड-दोन मीटरांच्या आत आले, तर कल्ल्याच्या झाकणामागे, मध्यरेषेच्या किंचित वर नेम धरावा. तिथे लागलेला मासा जागीच निश्चल होतो. पोटाचे मांस मऊ असते. तिथे लागला तर तो फाटून सुटतो आणि कपारीत जाऊन मरतो.

मासा हाती आल्यावर कल्ल्याच्या झाकणाची धार आणि पाठीचे काटे हातमोजा फाडू शकतात, म्हणून बोटे कल्ल्यात खालून घालावीत, आणि डोळ्यामागे वरच्या बाजूने सुरी खुपसून त्याचा जीव ताबडतोब घ्यावा. मग कल्ले कापून रक्त वाहू द्यावे. चालू नियमाने ठेवता येतात तेवढे मासे झाले की त्या दिवशीची सी बासची शिकार संपली. बोयाला बांधलेले मासे पाण्यात फार वेळ ओढत न नेता किनाऱ्यावर येऊन बर्फात ठेवावेत.

किनाऱ्यावर पट्टीवर मोजलेली खरी लांबी वहीत लिहावी, आणि तिच्या शेजारी चाप ओढण्याआधी मनात धरलेली लांबी. दोन्हींतला फरक काही फेऱ्यांत किती कमी होतो, त्यावरून डोळा तयार होतोय का ते कळते. साफ करताना पोट उघडून आत काय आहे तेही पाहावे. हिरवे खेकडे निघाले तर पुढच्या वेळी उथळ दगडगोट्यांत शोधावे, आणि वाळूतले लांबट बारीक मासे निघाले तर खडक संपून वाळू सुरू होते त्या कडेला.