हर्मीसवर उतरण्याआधी पुण्यात उरकायची कामं

पुण्यात पावसाची झड लागते तेव्हा श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्र बराच निवळलेला असतो. म्हणून बट्टिकलोआजवळ समुद्रतळाशी पडलेल्या एचएमएस हर्मीस या ब्रिटिश नौकेवर डाइव्ह करायला एप्रिल ते सप्टेंबर हे दिवस धरा आणि तयारीला निदान तीन महिने आधी लागा. 9 एप्रिल 1942 रोजी जपानी विमानांनी बुडवलेली ही विमानवाहू नौका साधारण 53 मीटर खोल आहे, हौशी डाइव्हिंगची हद्द 40 मीटर. ट्रायमिक्सचं (ऑक्सिजन, हेलियम आणि नायट्रोजनच्या मिश्रणाचं) प्रशिक्षण आणि अलीकडच्या खोल डाइव्ह नोंदवहीत नसतील, तर हा बेत पुढच्या वर्षावर टाका.

सगळ्यात आधी गॅस. हेलियम आयत्या वेळी मिळत नाही, तेव्हा तिथल्या डाइव्ह सेंटरला लवकर कळवा. हिशोबाला 54 मीटर धरा, म्हणजे दाब 6.4 बार. साध्या हवेत ऑक्सिजनचा दाब 1.34 बार, म्हणजे सुरक्षित मर्यादेत जेमतेम बसतो, पण नायट्रोजनची गुंगी चढते आणि हवा लिटरला साडेसात ग्रॅमच्या वर दाट होते. तेवढ्या दाट हवेत जोर लावून पोहलं की कार्बन डायऑक्साइड साठत जातो. मी 18/45 मागवतो, म्हणजे 18 टक्के ऑक्सिजन, 45 टक्के हेलियम, बाकी नायट्रोजन. दाटपणा 5.2 ग्रॅमच्या आत राहतो.

मग परतीचा गॅस. हा हिशोब संगणकावर सोडू नका, बडीसोबत, म्हणजे डाइव्हच्या जोडीदारासोबत, बसून हाताने मांडा. दोघं घाबरलेले, एकाचा गॅस संपलेला, प्रत्येकी मिनिटाला 30 लिटर. तळाशी सावरायला दोन मिनिटं गेली तर 768 लिटर. 21 मीटरवर 50 टक्के नायट्रॉक्स (निम्मा ऑक्सिजन असलेला, वर येताना घ्यायचा गॅस) हातात येईपर्यंत चार मिनिटं, सुमारे 1140 लिटर. जुळ्या बारा लिटरच्या सिलिंडरांत हे 80 बार होतात. वाटेतले थांबे धरून आम्ही 100 ठरवतो. काटा तिथे आला की समोर काहीही दिसो, वर निघायचं.

गॅस बदलण्याचा सराव पुण्यातल्याच तलावात, पहाटे गर्दी नसताना करा. मास्क काढून, डोळे मिटून. गेल्या वर्षी अशाच सरावात मी स्टेजचा (बाजूला लटकवलेल्या जादा सिलिंडरचा) रेग्युलेटर तोंडात घेतला आणि माउथपीस दातांतच राहिला, बाकीचा भाग खाली लोंबकळला. प्लास्टिकची पट्टी उन्हाने तडकलेली होती. तीन मीटर पाण्यात दोन रुपयांची पट्टी बदलून भागलं. तेव्हापासून निघण्याआधी प्रत्येक माउथपीस ओढून बघतो.

सिलिंडरवर 21 (नायट्रॉक्स) आणि 6 (शुद्ध ऑक्सिजन) हे खोलीचे आकडे ठळक लिहायला चिकटपट्टी, दोन एसएमबी (पाण्यावर खूण दाखवणारे फुगे), सुटी रील, जादा मास्क हे नेहमीचंच. प्रत्येक सिलिंडर तिथे स्वतः तपासा. विमा डीको डाइव्हला (वर येताना थांबे घ्यावेच लागणाऱ्या डाइव्हला) लागू आहे ना, ते लेखी घ्या. परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर पूर्ण 24 तास सोडून, शक्यतो त्याहून उशिराचं काढा. सरावाला तारकर्लीला गेलात तरी त्याच संध्याकाळी घाट चढून पुण्याला निघू नका; उंचीवर हवेचा दाब विमानासारखाच कमी होतो.

हर्मीसवर 307 माणसं गेली. तिथून काहीही उचलून आणायचं नाही, तेव्हा बॅगेत जाळीची पिशवी भरली असेल तर ती काढून घरीच ठेवा.