'घरात कोण ठरवतं' हे सर्वेत नीट कसं विचारायचं

बाळंतपण, पाळी, गर्भनिरोधक साधनं असल्या विषयांवर सर्वे करणार असाल तर आधी बसायची जागा बघा, प्रश्न नंतर. प्रश्नावली कितीही विचार करून बनवलेली असू दे, शेजारी सासू नाहीतर नवरा बसलेला असेल तर मिळणारं उत्तर त्या बाईचं नसतं, घराचं असतं, आणि तेच मग आपण टक्केवारीत मांडत बसतो.

घरच्यांना विषय 'महिलांचं आरोग्य' एवढाच सांगायचा, तिला मात्र एकांतात सगळं सांगून मगच संमती घ्यायची. मारहाणीचे प्रश्न असतील तर एका घरातून एकच बाई निवडा, म्हणजे आत काय विचारलं ते दुसरीला कळत नाही, घरगुती हिंसेवरच्या संशोधनासाठी डब्ल्यूएचओने (जागतिक आरोग्य संघटनेने) २००१ मध्ये दिलेल्या सूचनांमध्येही सगळ्यात आधी तिची सुरक्षितताच आहे. मध्येच कुणी आलं तर? लसीकरण, खाणंपिणं असे चार साधे प्रश्न हाताशी ठेवा आणि लगेच त्यावर या, पण हे तिला आधीच सांगून ठेवा नाहीतर तीच गोंधळते. एकांत मिळतच नसेल तर तो भाग सोडून द्या, खरंच सोडा, रकाना रिकामा राहिला तरी चालेल पण आपण गेल्यावर तिला त्रास नको.

आता निर्णयाचे प्रश्न. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांमधला ५.६.१ हा निर्देशक (प्रगती मोजायचं माप) १५ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या किंवा जोडीदारासोबत राहणाऱ्या बायकांबद्दल तीन गोष्टी बघतो, नको असेल तेव्हा संबंधाला नाही म्हणता येतं का, गर्भनिरोधकाचं कोण ठरवतं, आणि स्वतःच्या उपचाराचं कोण ठरवतं. तिन्हीत तिचा शब्द असेल तरच ती स्वतः ठरवणारी म्हणून मोजली जाते, दोनात असून भागत नाही, आणि मला हे कडक मोजमाप योग्यच वाटतं.

सगळ्यात फसवं उत्तर म्हणजे 'आम्ही दोघं मिळून ठरवतो'. काही बायकांशी वेगळ्या, सविस्तर मुलाखती ठेवा आणि तिथे गप्पा मारल्यासारखं विचारा, मागच्या वेळी दवाखान्यात गेलात तेव्हा जाऊया असं कोण म्हणालं, पैसे कुणाकडून घेतले, ते नको म्हणाले असते तर काय केलं असतं? बऱ्याचदा कळतं की बोलणं दोघांचं झालं पण शेवटचा शब्द एकाचाच.

पुरुषांनाही विचारा, पण वेगळं बसवून, आणि बायको काय बोलली याचा ओझरताही उल्लेख नको. मारहाणीचा भाग मात्र त्याच घरातल्या पुरुषाला अजिबात नाही. नवराबायकोची उत्तरं जुळली नाहीत तर चूक समजून डेटा साफ करू नका, तसाच ठेवा आणि रिपोर्टमध्ये त्याचा वेगळा तक्ता द्या.