मेनिस्कसचं ऑपरेशन झालंय आणि परत पळायचंय? मग हे वाचा

तुम्ही हाफ मॅरेथॉन, लांबची सायकलिंग, ट्रायथलॉन असलं काही करणारे असाल आणि मेनिस्कसचं, म्हणजे गुडघ्यातल्या गादीचं, ऑपरेशन झालं असेल किंवा डॉक्टरांनी तारीख दिली असेल, तर हे तुमच्यासाठी लिहून राहिली आहे. माझं उजव्या गुडघ्याचं मार्चच्या सुरुवातीला झालं, टाके घातले होते, आणि पुढचे आठ महिने मी जे शिकले ते मला आधी कोणी नीट बसवून सांगितलं असतं तर निदान दोन आठवडे वाचले असते.

एक गोष्ट आधीच डोक्यात घ्या. आपल्यासारख्या लोकांचा दम लवकर परत येतो, गुडघा मात्र त्याच्या वेळेनेच येतो. शिवाय दुखलं तरी पुढे जायची सवय आपल्याला वर्षानुवर्षं लागलेली असते, तीच इथे नडते. म्हणून खालच्या सगळ्या स्टेपमधे आठवडे मोजण्यापेक्षा सूज बघायला शिका.

स्टेप १: नेमकं कोणतं ऑपरेशन झालं ते विचारा

मेनिस्कस म्हणजे मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्या मधली चंद्रकोरीसारखी गादी. प्रत्येक गुडघ्यात दोन असतात, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. गादीच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, आतल्या कडेला जवळजवळ नसतोच, त्यामुळे कडेला फाटलं असेल तर टाके घालून जुळायची शक्यता चांगली असते आणि आत फाटलं असेल तर बहुतेक वेळा तेवढा तुकडा कापून काढतात. दोन्ही दुर्बिणीतूनच होतात, बाहेरून दोन-तीन बारक्या जखमा दिसतात, त्यामुळे लोकांना वाटतं एकच ऑपरेशन आहे.

तसं नाही ना. तुकडा काढला असेल तर बरेच जण एक-दोन दिवसात पाय टेकवून चालतात आणि साधारण दोन-तीन महिन्यात हलकं पळणं सुरू होतं. टाके घातले असतील तर चार ते सहा आठवडे ब्रेस, कुबड्या, गुडघा नव्वद अंशापेक्षा जास्त वाकवायचा नाही, आणि पळणं चौथ्या महिन्यानंतरच. आमच्या कॉलनीतले एक काका तिसऱ्या दिवशी भाजी आणायला गोकुळपेठेत गेले होते आणि मी तिसऱ्या आठवड्यातही कुबड्यांवर, मला वाटलं माझंच काहीतरी बिघडलं. डिस्चार्जच्या वेळी मला कोणी हा फरक सांगितलाच नाही, कार्डावर दोन शब्द होते आणि ते फिजिओने वाचून समजावले. तुम्ही ऑपरेशनच्या आधीच विचारा: टाके की काढणार, वजन कधी टाकायचं, किती वाकवायचं. लिहून घ्या. तुमच्या सर्जनचं सांगणं आणि माझं लिहिणं यात फरक दिसला तर सर्जनचंच ऐका.

स्टेप २: पहिले दोन आठवडे, फक्त सूज आणि मांडी

या काळात तीनच कामं. सूज उतरवणं, पाय पूर्ण सरळ होणं, आणि मांडीचा पुढचा स्नायू जागा करणं.

गुडघ्यात पाणी भरलं की मेंदू मांडीचा तो स्नायू जवळजवळ बंदच करतो, कितीही ताकदवान पाय असला तरी. माझी मांडी दहा दिवसात हाताला पिठाच्या गोळ्यासारखी मऊ लागायला लागली होती आणि मी घाबरले होते. उपाय सोपा आहे पण चिकाटीचा. पलंगावर पाय लांब करून बसा, गुडघ्याच्या मागची बाजू गादीत दाबायचा प्रयत्न करा, वाटी वर सरकताना दिसली पाहिजे, पाच सेकंद धरा, सोडा. दहा वेळा, दिवसातून पाच-सहादा. हात मांडीच्या आतल्या बाजूला, वाटीच्या जरा वर ठेवा, तिथे स्नायू फडकतो का ते बघा. माझा चौथ्या दिवशी पहिल्यांदा फडकला, अगदी डोळ्याची पापणी लवते तेवढाच, आणि मी आईला हाक मारून हात लावून बघायला सांगितलं.

बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. पाय छातीच्या पातळीपेक्षा वर ठेवून झोपा. घोटे वर-खाली हलवत राहा.

आणि उशी! घरातलं प्रत्येक माणूस प्रेमाने गुडघ्याखाली उशी सरकवतो, बरं वाटतं म्हणून. ती काढून टाका, टाचेखाली ठेवा. गुडघ्याखाली उशी ठेवून दोन आठवडे झोपलात तर पाय थोडा वाकलेलाच राहतो, आणि पूर्ण सरळ न होणारा पाय नंतर चालतानाही लंगडतो आणि पळताना तर फारच त्रास देतो. माझी आई रोज रात्री उशी ठेवायची, मी रोज काढायची, शेवटी फिजिओने तिला समजावलं.

पोटरी दुखून कडक झाली, एकाच पायाला खूप सूज आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, रक्ताची गाठ असू शकते. दम लागला किंवा छातीत दुखलं तर सरळ इमर्जन्सीत जा. ताप, जखमेतून पाणी किंवा पू, लाल गरम गुडघा, हेही उद्यावर ढकलायचं नाही.

स्टेप ३: घर तयार करा

हे कोणी सांगत नाही. उकिडवं बसणं आणि मांडी घालणं दोन्ही बंद, टाके असतील तर चार ते सहा महिने. म्हणजे देवघरासमोर खुर्ची, जेवायला टेबल, घरात देशी संडास असेल तर ऑपरेशनच्या आधीच कमोडची खुर्ची आणून ठेवा. एप्रिलमधे आम्ही कूलर लावला आणि त्याच आठवड्यात खाली सांडलेल्या पाण्यावर माझी कुबडी सरकली, भिंतीला हात लागला म्हणून वाचले. कूलरखाली जाड पोतं टाका, कुबडीचे रबर झिजलेत का बघा.

खाण्याचं थोडक्यात: पळणं बंद झालं म्हणून जेवण अर्धं करू नका, जखम भरायला आणि मांडी टिकवायला प्रोटीन लागतं. तुमच्या वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण दीड ग्रॅम असा अंदाज धरा, अंडी, डाळ, पनीर, दही, चिकन, जे चालतं ते. किडनीचा काही त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून.

स्टेप ४: रोज सकाळी टेप

शिंप्याकडे असते ती कापडी टेप आणा. सकाळी पलंगावरून उठायच्या आधी, पाय सरळ ठेवून, वाटीच्या बरोबर मध्यावरून गुडघ्याचा घेर मोजा, दोन्ही पायांचा, आणि वहीत लिहा. दुसरी तपासणी हाताने. गुडघ्याच्या आतल्या बाजूने तळहात वर मांडीकडे दोन-तीनदा सारा, मग बाहेरच्या बाजूने वरून खाली एकदा फिरवा आणि वाटीच्या आतल्या बाजूच्या खळग्याकडे बघा. तिथे छोटीशी लाट येऊन खळगा भरला तर आत पाणी आहे. फिजिओकडून एकदा शिकून घ्या, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

नियम असा: काल जे केलं त्यानंतर आज घेर वाढला नाही, लाट नाही, तर तेच परत किंवा थोडं जास्त. वाढला, तर आज आराम आणि पुढच्या वेळी निम्मं. व्यायाम करताना दहापैकी दोन-तीन इतपत दुखलं आणि सकाळपर्यंत गेलं तर चालतं.

स्टेप ५: दम टिकवा, मांडी बांधा

कुबड्या सुटल्या की सायकल. पेडल पूर्ण फिरायला गुडघा साधारण एकशे दहा अंश वाकावा लागतो, तोवर सीट वर करून अर्धं पुढे-मागे हलवत राहा. नागपूरचा मे महिना, बाहेर पंचेचाळीसच्या आसपास, तसंही कोणी दुपारी पळत नसतं, मी कूलरसमोर ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी पेडल मारायच्या स्टँडवर, सायकल लावून बसायची आणि खरं सांगते, तो उन्हाळा माझ्या कामी आला. जखमा पूर्ण भरल्यावर पोहणं चालतं पण पाय फाकवून मारायची बेडूक-किक नाही, गुडघ्याला पीळ पडतो.

ताकदीचं काम आठवड्यातून तीनदा: खुर्चीवरून उठणं-बसणं, पायरीवर चढणं, मग पायरीवरून एका पायाने हळू उतरणं, टाचा उचलणं, कमरेच्या बाजूचे स्नायू. एक सावधगिरी, आतल्या मेनिस्कसला टाके असतील तर मांडीच्या मागच्या स्नायूंचा वजन लावून व्यायाम पहिले दोन-तीन महिने फिजिओला विचारल्याशिवाय करू नका, त्यातल्या एका स्नायूचा धागा त्या गादीच्या मागच्या भागालाच जोडलेला असतो आणि तो टाक्यांना ओढतो.

स्टेप ६: पळायच्या आधीची परीक्षा

तारीख आली म्हणून पळू नका. हे सगळं जमतं का बघा: पाय दुसऱ्याइतका सरळ, सूज शून्य, अर्धा तास भरभर चालून दुसऱ्या दिवशीही काही नाही, वीतभर उंच पायरीवरून एका पायाने उतरताना गुडघा आत कोसळत नाही, एका पायावर जागच्या जागी उड्या मारता येतात, आणि मांडीची ताकद चांगल्या पायाच्या निदान ऐंशी-नव्वद टक्के. यानंतर सर्जनचं हो.

स्टेप ७: चालणं-पळणं

एक मिनिट पळा, चार मिनिटं चाला, असं सहा वेळा, एक दिवस सोडून. दोन-तीनदा केलं आणि टेप शांत राहिली की दोन मिनिटं पळणं आणि तीन चालणं, मग तीन पळणं आणि दोन चालणं. मी जुलैच्या मधे रविनगरच्या युनिव्हर्सिटी ग्राउंडवर सुरू केलं, सपाट होतं म्हणून, पाऊस पडून चिखल झाला की ट्रेडमिल. पावलं छोटी आणि जरा जास्त वेगाने टाका, त्याने गुडघ्यावरचा भार कमी होतो. आधी सलग अर्धा तास, मग आठवड्याचं अंतर, मग वेग, आणि उतार सगळ्यात शेवटी, कारण उतरताना मांडीला प्रत्येक पावलावर ब्रेक मारावा लागतो.

हा क्रम मी मोडला. सप्टेंबरमधे एका सकाळी फार छान वाटून राहिलं होतं, दम तर पूर्ण परत आला होता, सोबतचे सगळे सेमिनरी हिल्सला निघाले आणि मी चढून तोच उतार पळत उतरले. तेव्हा काहीच दुखलं नाही. दुसऱ्या दिवशी टेप दीड सेंटिमीटर जास्त, खळग्यात लाट, मांडी परत मऊ. टाके शाबूत होते पण दोन आठवडे गेले, परत सायकलपासून सुरुवात. उताराचा सराव मग मी पायरीपासून केला, तेलंगखेडीच्या हलक्या उतारावर चालत, मग तिथेच हळू पळत. सेमिनरी हिल्स नोव्हेंबरमधे, आठव्या महिन्यात, पहिल्या दोन वेळा चढून वर गेले आणि खाली चालत आले, तिसऱ्यांदा पळत उतरले आणि दुसऱ्या दिवशी पलंगावर बसून टेप लावली, सदतीस, दोन्ही पायांना.