मासा वाकडा झाला की लगेच औषधाची बाटली उघडू नका: तळ्यातल्या या चुका टाळा

मराठवाड्यात आता बंगल्यापुढे, हॉटेलात, मंगल कार्यालयाच्या लॉनवर कोई (रंगीत शोभेचे कार्प मासे) आणि गोल्डफिशची तळी दिसतात. मला याचा आनंदच आहे. पण मदतीसाठी येणारा जवळपास प्रत्येक फोन एकाच प्रश्नाने सुरू होतो: ‘कोणतं औषध टाकू?’ पाणी तपासलं का विचारलं, तर ‘पाणी स्वच्छच आहे, तळ दिसतोय’ असं उत्तर मिळतं. तळ दिसणाऱ्या पाण्यातही मासे गुदमरून मरतात, कारण अमोनिया डोळ्यांना दिसत नाही.

औषध आधी, पाणी नंतर

ही सगळ्यात महागडी चूक. माशाची विष्ठा आणि उरलेलं खाद्य यांतून अमोनिया तयार होतो. तो किती विषारी ठरेल हे पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे याचं माप) आणि तापमानावर अवलंबून असतं. पाणी ३० अंशांवर आणि पीएच ७ असेल, तर एकूण अमोनियापैकी एक टक्काही विषारी रूपात नसतो. तेच पीएच ८.५ झालं की हा वाटा वीस टक्क्यांच्या आसपास जातो. आपल्याकडे बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, त्यात हिरव्या शेवाळाने भरलेल्या तळ्याचा पीएच दुपारनंतर आणखी चढतो. वरून मे महिन्याचं ऊन. पंख झडणं, अंगावर लाल रेषा उमटणं, मासे पृष्ठभागावर तोंड काढून राहणं, या तक्रारींचं मूळ मला बहुतेक वेळा इथेच सापडतं.

अशा वेळी निळं औषध (मेथिलीन ब्लू) ओतलं की फिल्टरमधले अमोनिया पचवणारे उपयोगी जिवाणूही मार खातात आणि अमोनिया आणखी वाढतो. नव्या तळ्यात हे जिवाणू नीट बसायलाच चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा धीर नसेल तर तळं बांधू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आज सिमेंटचं काम झालं आणि रविवारी पन्नास मासे सोडले, हा प्रकार मला बघवत नाही.

माझी सवय सांगतो. मासा आजारी दिसला की आधी खाद्य बंद. मग अमोनिया, नायट्राइट (अमोनियापासून बनणारं दुसरं विष) आणि पीएच तपासायचा. पीएच उन्हं यायच्या आत एकदा आणि संध्याकाळी एकदा. आकडे बिघडलेले असतील तर रोज पाव भाग पाणी बदलायचं. ‘पाणी आणायचं कुठून?’ हा प्रश्न खरा आहे. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते आपण विसरलेलो नाही. म्हणून मासेच कमी ठेवा. एका मोठ्या कोईमागे हजार लिटर तरी धरा आणि काढलेलं पाणी झाडांना द्या, ते उत्तम खत आहे.

वाकडा कणा म्हणजे ‘जातच तशी’

अंबाजोगाईकडच्या एका मंगल कार्यालयात कारंज्याच्या तळ्यातले कोई एकामागून एक वाकडे होत होते. पाठीच्या पंखामागे कणा इंग्रजी एस अक्षरासारखा वळलेला, शेपूट हलवायची तर अर्धं अंग फिरवावं लागायचं. मालकाला दुकानदाराने सांगितलं होतं की ही पैदासच खराब, दुसरे घ्या. दुसरे आणले, तेही वाकडे झाले. मी पोचलो तेव्हा माळीमामा कडेला बसून पानं काढत होते, पण हाताने नाही, लाकडी काठीने. कारण विचारलं तर म्हणाले, ‘हात घातला की मुंग्या येतेत सायब, म्हणून काठी घेतो.’

मी त्यांना तळ्यापासून लांब केलं आणि आधी मेन स्विच बंद करायला लावला. इलेक्ट्रिशियनने मोटर बाहेर काढून मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावला. केबलचा जोड पाण्यात होता, त्यावर नुसती काळी टेप गुंडाळलेली, अर्थिंग नाही. पाण्यात वीज उतरली की माशाचे स्नायू इतक्या जोरात आखडतात की मणके मोडतात. मोडलेला कणा परत सरळ होत नाही, ते मासे तसेच राहिले. मोटर बदलली, केबलचा जोड पाण्याबाहेर घेतला, अर्थिंग केलं, ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवला. नंतर सोडलेले मासे सरळच राहिले. त्याच तळ्यात लग्नाला आलेली लेकरं हात घालत होती, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

तेव्हा पिल्लू लहानपणापासून वाकडं असेल तर दोष जन्माचा असू शकतो. पण धडधाकट मासे एकापाठोपाठ वाकडे होऊ लागले तर आधी वीज तपासा. मग खाद्य बघा. क जीवनसत्त्व कमी पडलं तरी कणा वाकतो आणि उष्णतेत ठेवलेल्या खाद्यातलं हे जीवनसत्त्व लवकर नष्ट होतं. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळाभर पडलेलं पोतं स्वस्त मिळालं, म्हणून आणू नका. तिसरं कारण म्हणजे कीटकनाशक. अँकर वर्म (माशाच्या अंगात रुतणारा परजीवी) किंवा माशांवरच्या उवा मारायला कपाशीवरचं औषध तळ्यात टाकणारे मी पाहिलेत. ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या औषधाचा डोस जास्त झाला की मासे झटके येऊन वाकतात. सायपरमेथ्रिनसारखी औषधं तर माशांना अत्यंत घातक. फवारणीचा पंपसुद्धा तळ्याजवळ धुऊ नका. वाकडेपणासोबत मासा खंगत असेल, अंगावर जखमा असतील तर माशांचा क्षयही असू शकतो. हाताला चीर असेल तर अशा पाण्यात हात घालू नका, तो संसर्ग माणसाच्या त्वचेलाही होतो.

बाकीच्या चुका

टँकरचं पाणी थेट सोडणं. त्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) असते, क्लोरीनने कल्ले जळतात. अँटी-क्लोरीन टाकल्याशिवाय थेंबही नको.

नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या पंखांवर विणीच्या काळात पांढरे ठिपके येतात. तो आजार नाही.

खरा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग असेल तर ठिपके गेले म्हणून उपचार थांबवू नका. परजीवी अंगावर असताना औषधाला दाद देत नाही. तो पाण्यात मोकळा पोहत असतानाच मरतो.

मीठ सारखं टाकत राहणं. खडेमीठ हजार लिटरला तीन किलो, तेही विरघळवून, दोन दिवसांत थोडं थोडं. पाणी आटतं, मीठ आटत नाही. म्हणून आटलेलं पाणी भरताना पुन्हा मीठ नको. तळ्यात कमळ असेल तर मीठ टाकूच नका, आजारी मासा वेगळ्या टाकीत घ्या.

डिसेंबर-जानेवारीत परभणीकडे पहाटेचा पारा दहाच्या खाली जातो. पाणीही तेवढं गार झालं की मासा खाद्य पचवू शकत नाही. दुपारी ऊब बघून थोडंच द्या, नाहीतर देऊच नका.

पोट फुगून खवले उभे राहिले असतील तर मासा लगेच वेगळा करा. तो वाचण्याची आशा फार कमी असते, पण उरलेल्यांसाठी त्याच दिवशी पाणी तपासा.