देश दहशतवादविरोधी अहवाल देतात, ते कसे वाचावेत?

सोलापुरी टॉवेल परदेशी पाठवणाऱ्याकडे बँक केवायसीचे कागद मागते, वर फर्मचा खरा मालक कोण हेही लिहून घेते. वैताग येतोच. पण या कागदांचा धागा पार न्यूयॉर्कपर्यंत जातो. तो उलगडायला एक दुपार पुरते. सात रस्त्याजवळच्या एखाद्या अभ्यासिकेत राज्यसेवेची तयारी करणाऱ्यांना तर हा अभ्यास लागतोच.

आधी मूळ ठराव वाचा. अमेरिकेवरच्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २८ सप्टेंबर २००१ रोजी ठराव १३७३ संमत केला. दहशतवाद्यांचा पैसा गोठवा, त्यांना आसरा देऊ नका, असं त्यात बजावलं आहे. काय केलं ते ९० दिवसांत कळवा, हे सहाव्या परिच्छेदात येतं. तपासणाऱ्या समितीचा जन्मही तिथलाच.

मग संयुक्त राष्ट्रांच्या डिजिटल ग्रंथालयात ठरावाचा क्रमांक आणि देशाचं नाव टाकून अहवाल शोधा. तो बहुधा ठरावाच्या कलमांच्याच क्रमाने लिहिलेला असतो, म्हणून ठराव शेजारी उघडा ठेवा. प्रत्येक कलमापुढे तीन गोष्टी टिपा: कायदा कोणता, राबवतो कोण, प्रत्यक्षात वापरला का? पहिला रकाना भराभर भरतो. तिसऱ्यात पेन अडखळतं, आणि खरी गंमत तिथेच आहे. पहिल्या अहवालावर थांबू नका. समिती उलट प्रश्न पाठवायची, त्यांची उत्तरं पुढच्या अहवालांत सापडतात. तज्ज्ञांच्या देशभेटींचे अहवाल मात्र त्या देशाच्या संमतीशिवाय बाहेर येत नाहीत. ते शोधण्यात वेळ घालवू नका.

देशाने स्वतःबद्दल लिहिलेलं दुसऱ्याच्या नजरेतून ताडून बघायला एफएटीएफचं, म्हणजे काळा पैसा आणि दहशतवादाचा पैसा रोखण्याचे नियम ठरवणाऱ्या देशांच्या गटाचं, मूल्यमापन घ्या. भारत २०१० पासून या गटाचा सदस्य आहे. ताजा अहवाल सप्टेंबर २०२४ चा. त्यात ४० शिफारशींची पूर्तता वेगळी आणि परिणामकारकतेचे ११ निकष वेगळे मोजलेले असतात. मी आधी निकषच वाचतो. भारताला ‘नियमित पाठपुरावा’ हा चांगला गट मिळाला, तरी खटले निकाली निघायला लागणाऱ्या वेळावर बोट ठेवलेलं आहेच.

आता दहावी शिफारस उघडा. बँकेने ग्राहक कोण आणि त्याच्यामागचा खरा लाभधारक मालक कोण हे तपासावं, असं तिथे लिहिलंय. टॉवेलवाल्याच्या फॉर्ममधला रकाना तोच.